नागपुरात कमी बजेटमधे घर घ्यायचं तर वस्ती कशी निवडायची

"मिहान ५ मिनिटं, मेट्रो २ मिनिटं, एनएटीपी, आरएल, ९० टक्के फायनान्स, मोजकेच प्लॉट शिल्लक." उमरेड रोडने नाहीतर वर्धा रोडने निघालं की दर दोन खांबांमागे असा एक बोर्ड दिसते (एनएटीपी, आरएल म्हणजे काय ते पुढे येते). मिहान, म्हणजे विमानतळाजवळचा कंपन्यांचा मोठा प्रकल्प, पाच मिनिटांवर आहे हे खरं, फक्त रात्री दोन वाजता आणि ॲम्ब्युलन्समधे बसलं तर.

माझा चुलतभाऊ शहराबाहेर बुटीबोरी एमआयडीसीत कंपनीत आहे, त्याची बायको जुन्या शहरात, महाल भागात एका शाळेत शिकवते, दोघांचं मिळून पन्नास-पंचावन्न हजार येते आणि दोघं सध्या घर बघून राहिले. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन, दादा अमुक ठिकाणी एवढा रेट सांगून राहिले, बरोबर आहे का. मी स्वतः दोन वर्षं हेच केलं, चप्पल झिजवली, एकदा टोकनचे पैसे पण बुडवले (येते ते पुढे), म्हणून मला जे समजलं ते एकदाच सगळं लिहून काढतो, म्हणजे त्याला पण पाठवता येईल अन् बाकीच्यांनाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नागपूर म्हणजे पुणे नाही. इथली पोरं इंजिनीअरिंग करतात आणि पुण्याच्या नाहीतर हैदराबादच्या ट्रेनमधे बसतात. मिहानचं नाव आपण वीस वर्षांपासून ऐकून राहिलो, टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आले, एम्स आलं, आयआयएम आलं, नाही असं नाही, पण जेवढ्या नोकऱ्यांच्या जोरावर लोकांनी जामठा-खापरी-शंकरपूरकडे प्लॉट घेऊन ठेवले तेवढ्या काही आल्या नाहीत. समृद्धी महामार्ग २०२२ ला शिर्डीपर्यंत सुरू झाला तेव्हा पण तसंच वारं होतं. याचा तुमच्या घराशी संबंध काय, तर हा की मागणी हळू वाढते म्हणून सुविधा पण हळू येतात. पुण्याला रिकाम्या माळावर पाच वर्षांत डी-मार्ट येते, इथे त्याच पाच वर्षांत ले-आउटमधे चार घरं बांधली जातात आणि बाकी प्लॉटवर गाजरगवत. "पुढे खूप डेव्हलप होणार आहे" या वाक्यातलं "पुढे" इथे दहा-पंधरा वर्षांचं राहते आणि ते दहा-पंधरा वर्षं तुम्हाला तिथे रोज राहून काढावे लागतात.

मग स्वस्त वस्ती ओळखायची कशी? माझं म्हणणं एवढंच आहे की जिथे रेट कमी तिथे काहीतरी बाकी आहे, फुकटात कोणी कमी करत नाही. ते बाकी काय आहे ते शोधा आणि मग विचारा की हे वेळेने किंवा पैशाने बरं होणारं आहे का कधीच न होणारं. रोड कच्चा आहे, तो होईल कधीतरी. बिल्डिंग जुनी आहे, प्लंबिंग बदलता येते. पण घर नाल्याच्या पातळीत आहे, जमिनीवर आरक्षण आहे, डोक्यावरून हाय टेन्शन लाइन जाते, वारा सुटला की भांडेवाडीच्या डम्पिंगचा वास येते, हे तुमच्या हयातीत जात नाही. पहिल्या प्रकारचं स्वस्त घ्यायचं, दुसऱ्या प्रकारचं फुकट दिलं तरी नाही घ्यायचं. बाकी सगळं या एका चाळणीतून गाळायचं.

सगळ्यात किचकट भाग कागदाचा आहे म्हणून तो आधी घेतो.

नागपुरात जमिनीचे तीन मालक आहेत असं समजा, म्हणजे मालक नाही, कारभारी. एक महानगरपालिका, ती पाणी, कचरा, टॅक्स बघते. दुसरी नासुप्र, नागपूर सुधार प्रन्यास, १९३६ च्या कायद्याने आलेली, शहरातले बरेच ले-आउट तिने पाडले नाहीतर मंजूर केले, मधे तिला बरखास्त करायचं ठरलं होतं पण ती आहे अजून. तिसरी एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, २०१७ पासून, शहराच्या बाहेरच्या गावांसाठी. म्हणजे तुम्ही मानेवाड्याहून बेसाकडे निघालात की रोड तोच, पानठेले तसेच, पण मधेच कुठेतरी हद्द संपते आणि त्या पलीकडे मनपाचा नळ नाही, मनपाचं गडर (सांडपाण्याची लाइन) नाही, नगर पंचायत नाहीतर ग्रामपंचायत आहे. वाडीला वेगळी नगर परिषद, वानाडोंगरीला वेगळी. ब्रोकर हे सांगत नाही, तो "मानेवाडा-बेसा रोड टच" म्हणते अन् मोकळा होते. म्हणून पहिला प्रश्न रेटचा नाही, पहिला प्रश्न "इथला टॅक्स कोणाकडे भरता?" हा. घरमालकाला टॅक्सची पावती मागा, तिच्यावर वरच छापलेलं राहते.

आता आरएल. हा शब्द नागपूरच्या बाहेर कोणाला समजत नाही, पुण्याच्या साढूला सांगितलं तर तो म्हणे आरएल म्हणजे काय, रेड लेबल चहा का. झालं असं की जुन्या काळात शेतकऱ्यांकडून, सोसायट्यांकडून लोकांनी शेतीच्या जमिनीचे तुकडे घेतले, कोणी एनए (अकृषक) केलं नाही, कोणी नकाशा मंजूर केला नाही, घरं बांधली, हजारोंनी बांधली. ती सगळी पाडता येत नव्हती म्हणून २००१ मधे राज्याने गुंठेवारीचा कायदा आणला, की डेव्हलपमेंट चार्जेस भरा आणि नियमित करून घ्या. नियमित केल्याचं जे पत्र नासुप्र देते ते रेग्युलरायझेशन लेटर, म्हणजे आरएल. आधी १ जानेवारी २००१ च्या अगोदरचेच प्लॉट त्यात बसायचे, नंतर २०२१ च्या दुरुस्तीने ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. जुन्या लोकांच्या तोंडी "५७२ मधला ले-आउट" किंवा "१९०० मधला" असं येते ते नासुप्रच्या या अनधिकृत ले-आउटच्या याद्यांवरून. ऐकून घाबरायचं नाही, दक्षिण अन् पूर्व नागपुरातले बरेच भरलेले, चांगले मोहल्ले या याद्यांतलेच आहेत. बघायचं एवढंच की *तुमच्या* प्लॉटचं आरएल निघालं का. ले-आउटचं नाव यादीत असणं वेगळं, डिमांड नोट (चार्जेस भरायची नोटीस) भरणं वेगळं आणि हातात आरएल असणं वेगळं. "डिमांड भरली आहे, आरएल निघून जाईल" हे मी निदान सहा जणांकडून ऐकलं. निघून जाईल तर काढा ना बापा, मग विका!

काही प्लॉटचं आरएल कधीच निघत नाही, कारण विकास आराखड्यात ती जागा मैदान, शाळा, रोड यासाठी आरक्षित आहे किंवा ले-आउटची सार्वजनिक वापराची जागाच कोणीतरी प्लॉट पाडून विकलेली आहे, त्याला इकडे पीयू म्हणतात. अशा ठिकाणी रेट शेजारच्या गल्लीपेक्षा सरळ निम्मा राहते. हे "कधीच न होणारं". आराखड्याप्रमाणे जागेवर काय आहे याचा झोन दाखला अर्ज करून मिळते, आणि वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (आधीचे मालक, बोजा यांची तपासणी) काढून घ्या, त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही. सातबारा किंवा आखीव पत्रिका स्वतः ऑनलाइन काढा, एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे कागद नाही.

एनएटीपी म्हणजे जमीन अकृषक झाली आणि टाउन प्लॅनिंगने ले-आउट मंजूर केला. चांगली गोष्ट आहे, पण तो ले-आउटचा कागद झाला, रोड-नाल्या-लाइट प्रत्यक्षात टाकल्या का ते वेगळं. आणि शहराच्या मधल्या भागात बघत असाल तर नझूल आणि नासुप्र लीज हे दोन शब्द लक्षात ठेवा, तिथे जमीन सरकारची किंवा प्रन्यासची राहते आणि आपल्याकडे लीज. लीज कधी संपते, रिन्यू झाली का, विकायला परवानगी लागते का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कागदाची सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे बँक. फ्लॅट-प्लॉट पसंत पडला की दोन मोठ्या सरकारी बँकांत जाऊन कागद दाखवा आणि विचारा, यावर लोन देता का. नाही म्हणाले तर त्यांच्या पॅनलच्या वकिलाने तुमचं काम फुकटात केलं असं समजा. एजंट म्हणेल, सरकारी बँक कटकट करते, आपल्या ओळखीची फायनान्स कंपनी आहे, दोन-तीन टक्के जास्त लागते पण काम होते. ते दोन-तीन टक्के वीस वर्षं भरायचे आहेत, आणि उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याला पण तीच अडचण. ज्या शहरात गिऱ्हाईक आधीच कमी तिथे लोन न होणारं घर म्हणजे फक्त रोख पैसेवाल्याला विकता येणारं घर, अन् रोखवाला पाडून मागते.

माझं टोकन असंच गेलं. एका डेव्हलपरच्या (नाव घेत नाही) स्कीममधे तिसऱ्या मजल्याचा फ्लॅट, दिसायला एकदम मस्त, रेट आजूबाजूपेक्षा कमी. एक्कावन्न हजार दिले, साधी पावती घेतली. बँकेने मंजूर नकाशा मागितला तर नकाशात बिल्डिंगच तळमजला अधिक दोन. म्हणजे मी जो मजला घेऊन राहिलो होतो तो कागदावर हवेत होता. पैसे परत मागितले तर आज देतो उद्या देतो, शेवटी मीच जायचं सोडलं. पावतीवर "लोन न झाल्यास पूर्ण रक्कम परत" ही एक ओळ लिहून घेतली असती तर हातात काहीतरी राहिलं असतं. रेराचं, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचं, पण त्यानंतरच वाचलं: जमीन ५०० चौरस मीटरच्या वर आणि फ्लॅट पण ८ च्या वर असले तर नवीन प्रोजेक्ट महारेरात नोंदवावाच लागते, आणि करारनामा रजिस्टर केल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाही. इकडे सहा-आठ फ्लॅटच्या छोट्या छोट्या स्कीम खूप राहतात, त्या बरोबर या आकड्याच्या खाली बसवलेल्या दिसतात, तिथे मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हेच तुमचं रेरा.

बरं, कागद झाला. आता पाणी.

नागपूरचं पाणी मुख्यतः पेंचवरून येते, तोतलाडोह भरलं तर मनपाच्या हद्दीत तसं बरं चालते. २०१९ च्या जुलैत पाऊस लांबला अन् शहरात दिवसाआड पाणी करावं लागलं तेव्हा सगळ्यांना समजलं की हे गृहीत धरायचं नाही. पण हद्दीच्या आतही सगळीकडे सारखं नाही. विचारायचं असं की "तुमच्याकडे कोणत्या टाकीवरून पाणी येते आणि किती वाजता?" ज्याला नीट पाणी येते तो माणूस टाकीचं नाव अन् टाइम फटकन सांगते. जो "येते, येते, पाण्याचा प्रॉब्लेम नाही" असं गोल गोल बोलते तिथे प्रॉब्लेम आहे. आणि हे मे महिन्यात बघा. बाहेरच्या माणसाला समजत नाही पण आपल्याकडे घरात सगळ्यात जास्त पाणी पिणारा मेंबर कूलर आहे. दोन खोल्यांत दोन मोठे कूलर लावले, बाहेर पंचेचाळीस, तर सकाळ-संध्याकाळ बादल्यांवर बादल्या ओताव्या लागतात, आणि नेमक्या त्याच महिन्यात बोअर आटते अन् टँकरवाला फोन उचलत नाही.

विचारायचा संकोच वाटत असेल तर नुसतं बघा. किराणा दुकानासमोर वीस लिटरच्या कॅनची थप्पी किती मोठी आहे? एकाच गल्लीतल्या दुकानासमोर चाळीस कॅन असतील तर त्या गल्लीत नळाचं पाणी कोणी पीत नाही. गेटच्या आत निळे ड्रम किती? कंपाउंडवरून लोंबणारा जाड पाइप दिसते का, तो टँकरचा. नळाच्या तोट्या अन् बाथरूमच्या टाइल्सवर पांढरा थर असेल तर बोअरचं खारं पाणी, गिझर दर वर्षा-दोन वर्षांनी जाते. चुलतभावाला मी हे सांगितलं तर तो एका घरी जाऊन हॉलपेक्षा जास्त वेळ बाथरूमच बघत बसला, घरमालकीण बिचारी घाबरली.

उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून बघायचं आणि पावसाळ्यात पाणी आहे म्हणून बघायचं. २०२३ च्या २३ सप्टेंबरला पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी काठच्या वस्त्यांत शिरली, माणसं गेली. अंबाझरी ले-आउट काही गरीब वस्ती नाही, म्हणजे महाग जागा सुरक्षित असते असंही नाही. नाग नदी, पिवळी नदी, पोहरा नदी आणि त्यांना मिळणारे नाले, यांच्या काठी रेट थोडा पडलेला मिळते आणि घर नुकतंच रंगवलेलं मिळते. फ्रिजमागची भिंत बघा, दरवाजाच्या चौकटीचा खालचा एक हात बघा, लाकूड फुगलं असेल तर रंगाने ते लपत नाही. आणि बाहेरच्या भागात रोड प्रत्येक वेळी उंच होत जातो आणि घरं खाली राहतात, त्यामुळे घराचा ओटा रोडपेक्षा वर आहे का खाली, एवढं तरी बघूनच घ्या.

पावसाळ्याचं दुसरं कारण काळी माती. आपल्याकडे बऱ्याच भागात ती आहे, पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भेगा एवढ्या की पोराचा बॉल आत जाते. पाया नीट खोल घेतला नाही, खाली मुरूम भरला नाही तर कंपाउंड वॉल आधी झुकते, मग ओटा घरापासून सुटते, मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. प्लास्टरची केसासारखी भेग वेगळी, तिचं टेन्शन नाही. नाणं उभं जाईल अशी तिरपी भेग दिसली तर इंजिनीअरला दाखवल्याशिवाय बोलणीच करू नका. डुप्लेक्स-रो हाउसवाल्यांनी हे जास्त बघायचं, कारण एक-एक मजल्याचं काम आहे म्हणून पाया पण तसाच हलका घेतलेला राहते. वरून प्लॉटपर्यंत पोचायला जुलैत गमबूट लागते का तेही तेव्हाच समजते, मी नरसाळ्यापलीकडे एक ले-आउट जानेवारीत बघून खूश झालो होतो, जुलैत परत गेलो तर गाडी चिखलात फसली अन् ज्या माणसाने धक्का मारला तो म्हणे, "घेऊन राहिले का इथे? भाऊ, आमचा बी विकायचा आहे."

आता रेटच्या गणिताकडे येऊ, कारण सगळे तिथेच अडकतात.

समजा बाहेरच्या ले-आउटमधे नवीन टू बीएचके २४ लाखाला आहे आणि मानेवाडा-अयोध्यानगर-नंदनवनसारख्या भरलेल्या भागात पंधरा-सतरा वर्षं जुना तेवढाच फ्लॅट ३० ला (आकडे समजायपुरते आहेत, बाजारभाव म्हणून पकडू नका). सहा लाखांचा फरक डोळ्यात भरते. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी एका लाखाला महिन्याचा हप्ता साधारण ८७० पडते, म्हणजे सहा लाखांचे झाले ५,२००. आता बाहेर राहिल्याने दोघांनाही प्रत्येकी रोज जायला-यायला मिळून २४ किलोमीटर जास्त पडतात असं धरा. महिन्याचे २६ दिवस, सव्वासहाशे किलोमीटर, ४५ चं ॲव्हरेज, चौदा लिटर पेट्रोल, एका गाडीचे जवळपास दीड हजार, दोन गाड्यांचे तीन. पिण्याच्या पाण्याच्या कॅन सहा-सातशे. शाळेची व्हॅन लांबून येते म्हणून हजार जास्त. उन्हाळ्यातले टँकर वर्षावर वाटले तरी काही ना काही. झाले की पाच हजार! आणि हप्ता वीस वर्षं साधारण तेवढाच राहते पण पेट्रोल, व्हॅन आणि टँकर दर वर्षी वाढतात. रोजचा तासभर गाडीवर जाते त्याचा हिशोब मी धरलाच नाही.

याचा अर्थ बाहेर घेऊच नका असा नाही. ज्याची नोकरीच बुटीबोरीला किंवा मिहानला आहे आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला शहरात यायचं नाही त्याला उलट शहरातलंच घर महाग पडते. म्हणून नकाशावर घरातल्या सगळ्यांच्या रोजच्या जागा टिंबं करून टाका, नोकऱ्या, शाळा, आई-वडिलांचा दवाखाना, आणि मग बघा. चुलतभावाचं एक टिंब बुटीबोरी, दुसरं महाल, त्यामुळे त्याच्यासाठी कोराडी रोड, गोधनी, वाडी हे आपोआप गेले, मग तिथला रेट कितीही कमी असो.

दिशांचं माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पश्चिमेला धरमपेठ, रामदासपेठ, बजाजनगर आपल्या बजेटच्या बाहेर, त्यावर वेळ घालवू नका. वर्धा रोडला मेट्रो खापरीपर्यंत जाते, त्या सोयीचे पैसे बिल्डरने आधीच किमतीत धरलेले आहेत. मेट्रोचंच म्हणाल तर ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर असे दोन मार्ग आहेत, डिसेंबर २०२२ पासून पूर्ण चालू. पूर्वेला वर्धमाननगर सोडलं तर अलीकडे-पलीकडे, आणि हिंगणा रोडला, जुन्या फ्लॅटचे भाव मला अजून ठीक वाटतात आणि स्टेशन चालत जाण्यासारखं आहे. फक्त "चालत" म्हणजे मे महिन्याच्या दुपारी चालत, हे स्वतः चालून बघा. दुसऱ्या टप्प्यात मेट्रो बुटीबोरी, कन्हान, हिंगणा, कापसीकडे जाणार आहे, पण जाणार आहे याचे पैसे मी देणार नाही, आली की देईन. दक्षिणेला मानेवाडा-हुडकेश्वर-दिघोरी मध्यमवर्गाचा भाग, दुकानं, क्लासेस, दवाखाने भरपूर, कागद मात्र प्लॉटगणिक बदलतात. खरबी-वाठोडा अजून स्वस्त, पण भांडेवाडीकडून वारा येते का ते बघा. उत्तरेला झिंगाबाई टाकळी, मानकापूर चांगले, अजून पुढे कोराडीकडे गेलात तर औष्णिक केंद्राची राख गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते का ते तिथल्या बायकांना विचारा. महाल-इतवारीतलं जुनं घर कधी कधी आश्चर्य वाटेल एवढ्या कमीत निघते, कारण एका घराला अकरा वारस अन् त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तिथे आपण पडायचं नाही.

वस्ती बघायला जाल तर ब्रोकरसोबत एकदाच जा, मग एकटे तीन वेळा. सकाळी आठला, रात्री साडेनऊला आणि रविवारी दुपारी. रात्री स्ट्रीट लाइट किती चालू आहेत आणि बाया एकट्या गाडीवर जाताना दिसतात का ते बघा. सीताबर्डीवरून ऑटोवाल्याला तिकडचं नाव सांगा, "तिकडून रिकामं यावं लागते" म्हणाला तर समजून जा. किती घरांना कुलूप आहे मोजा, एकाच गल्लीत "विकणे आहे"चे चार-पाच बोर्ड असतील तर कोणालातरी विचारा की काहून. आणि पानठेल्यावर दहा मिनिटं उभे राहा. मी आता जिथे राहतो तिथल्या पानठेल्यावाल्यानेच मला सांगितलं होतं की मागच्या बिल्डिंगचा फ्लॅट बघू नका, तिथे लिफ्टचं बिल कोणी भरत नाही, समोरच्या बिल्डिंगमधे दुसऱ्या मजल्यावरचे काका मुलाकडे पुण्याला चालले, अजून एजंटला सांगितलं नाही, जाऊन भेटा. खर्रा घोटता घोटता एवढं बोलला. ब्रोकरेज वाचलं ते वेगळंच.

शेवटच्या मजल्याचा फ्लॅट लाख-दोन लाख कमी मिळते, त्याचं कारण स्लॅब. एप्रिल ते जून रात्री बारा वाजता पण भिंतीला हात लावला तर गरम लागते. वर पत्र्याचं शेड टाकायला बाकीचे फ्लॅटवाले हो म्हणत असतील तर ठीक, हे पैशाने बरं होणारं आहे. आणि जुन्या फ्लॅटचा एरिया सुपर बिल्टअपमधे (भिंती, जिना वगैरे धरून) सांगतात, ९०० म्हणाले तरी टेप घेऊन जा, आत सव्वासहाशेच निघाला तर रेट कार्पेटवर, म्हणजे आतल्या वापराच्या जागेवर, काढून मग तुलना करा.

पैशाचं थोडक्यात. शहरात घर घेतलं की स्टॅम्प ड्युटी साधारण सात टक्के, पाच टक्के मूळ, एक मनपाचा अन् एक मेट्रोचा, वरून रजिस्ट्रेशन एक टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. ३० लाखांच्या घरावर दोन लाख चाळीस हजार झाले, आणि हे पैसे लोनमधे सहसा बसत नाहीत, खिशातूनच जातात. नवीन बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागते, ४५ लाखांच्या आत आणि ९० चौरस मीटर कार्पेटच्या आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५, आणि रीसेलला लागत नाही. पण रीसेलला दुरुस्तीचे लाख-दीड लाख बाजूला ठेवा, आमचे वायरिंग, बाथरूमची गळती आणि खिडक्यांमधे गेले.

घर फक्त बाईच्या नावाने घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, दोघांच्या नावाने घेतलं तर नाही. ३० लाखांवर सरळ ३० हजार. आम्ही तसंच केलं, घर पूर्ण बायकोच्या नावावर आहे, हप्ता माझ्या खात्यातून जाते, आणि घरी भांडण झालं की ती पहिले शांतपणे विचारते, "मग, जाऊन कुठे राहिले तुम्ही?"